बालकाच्या तपासणीत आजाराची चिन्हे कशी ओळखावीत

बालकांची तपासणी नव्याने शिकणारे वैद्यकीय विद्यार्थी, तरुण डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. प्रौढ रुग्णाला तपासताना डोक्यापासून पायापर्यंत ठरलेल्या क्रमाने जाता येते. लहान मुलाच्या बाबतीत तसा हट्ट धरू नये. श्वासाचा वेग, हृदयाचे आवाज, पोटाचा मऊपणा आणि टाळूचा, म्हणजे डोक्यावरील मऊ जागेचा, ताण या चारही गोष्टी मूल रडू लागले की बदलतात, आणि एकदा भेदरलेले मूल लवकर शांत होत नाही. त्यामुळे ज्या गोष्टींना शांतता लागते त्या आधी, आणि ज्यांमुळे मूल हमखास रडते त्या, म्हणजे कान आणि घसा, सर्वांत शेवटी, एवढाच क्रम ध्यानात ठेवावा. मधले सारे मूल जसे करू देईल तसे करावे.

सुटे चिन्ह क्वचितच रोग सांगते. तळहातावर एकच आडवी रेघ निरोगी मुलांतही आढळते. तान्ह्या बाळाचे यकृत बरगडीखाली एक-दोन सेंटिमीटर हाताला लागणे स्वाभाविक असते. दचकल्यावर दोन्ही हात फैलावून पुन्हा जवळ घेण्याची मोरो प्रतिक्षिप्त क्रिया दुसऱ्या महिन्यात दिसली नाही तर काळजी वाटायला हवी, आणि तीच आठव्या महिन्यात दिसली तरीही काळजी वाटायला हवी. चिन्हाला अर्थ येतो तो मुलाच्या वयामुळे आणि जोडीला असलेल्या इतर चिन्हांमुळे. म्हणून जे दिसेल त्याबाबत स्वतःला दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: या वयात हे असायला हवे का, आणि याच्या सोबत आणखी काय आहे?

हात लावण्यापूर्वी

मूल आईच्या मांडीवरच असू द्यावे आणि आईशी बोलता बोलता नजर मुलावर ठेवावी. आजारी असूनही धोक्यात नसलेले मूल कुरकुर करते, पण आईने जवळ घेतले की शांत होते आणि खेळणे पुढे केले की त्याच्याकडे पाहते. ज्याची नजर कशावरच ठरत नाही, जे हाताळले तरी फारसा विरोध करत नाही, किंवा उचलून घेतल्यावर ज्याचे रडणे थांबण्याऐवजी वाढते, त्या मुलाकडे तातडीने लक्ष द्यावे. तपासणीला अजिबात विरोध न करणारे एक वर्षाचे मूल 'शहाणे' आहे असे समजू नये. त्या वयात अनोळखी हाताला विरोध करणे हेच निरोगीपणाचे लक्षण असते.

दोन महिने ते पाच वर्षे या वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली धोक्याची सर्वसाधारण चिन्हे चार आहेत: मूल काहीही पिऊ शकत नाही किंवा अंगावर ओढत नाही, घेतलेले सगळेच उलटून टाकते, या आजारात त्याला झटके आले आहेत, किंवा ते निपचित अथवा बेशुद्ध आहे. यांतले एक जरी आढळले तरी उरलेली तपासणी झटपट आटोपून मुलाला रुग्णालयात हलवण्याची तयारी करावी. 'बाळ पीत नाही' असे आई सांगते तेव्हा तिला तिथेच पाजायला सांगून स्वतः पाहावे. नाक चोंदल्यामुळे थांबत थांबत पिणे वेगळे, आणि तोंडात दूध जाऊनही गिळण्याची शक्ती नसणे वेगळे.

श्वास कसा पाहावा

या भागाला वेळ द्यावा, कारण लहान मुलांतील गंभीर आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा श्वासातच दिसते. अंगरखा छातीच्या वर सरकवून छाती आणि पोट दोन्ही दिसतील असे करावे. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. काही सेकंद तो भरभर होतो आणि मग क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने पूर्ण झाल्यापासून वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास असतील तर तो वेगवान श्वास मानतात. दोन महिन्यांखालील बाळात आकडा ६० किंवा त्यापुढे गेला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. ताप उतरल्यावर वेग कमी होतो का, हेही पाहावे.

वेगाइतकेच महत्त्व श्वासाच्या कष्टाला आहे. निरोगी मूल श्वास आत घेते तेव्हा छाती आणि पोट दोन्ही वर येतात. फुप्फुसे कडक झाली असतील किंवा श्वासनलिका अरुंद झाल्या असतील, तर श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, म्हणजे शेवटच्या बरगड्यांची कड, आत ओढली जाते आणि पोट मात्र उडते. ही हालचाल प्रत्येक श्वासाला आणि मूल शांत असतानाही दिसली तरच तिला महत्त्व द्यावे. केवळ रडताना किंवा पिताना दिसणारी ओढ धरू नये. सोबत नाकपुड्या फुलतात का, मान प्रत्येक श्वासाला पुढे-मागे डुलते का, हे बघावे. श्वास सोडताना होणारे बारीक कण्हणे कान देऊनच ऐकावे लागते. बाळ स्वरयंत्र अर्धवट मिटून हवा आत कोंडून धरते, म्हणजे फुप्फुसातील वायुकोश मिटत नाहीत. हे कण्हणे ऐकू आले तर बाळ फार थकत चालले आहे असे समजावे.

आवाज श्वास घेताना होतो की सोडताना, यावरून अडथळ्याची जागा कळते. श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज, म्हणजे स्ट्रायडर, स्वरयंत्र किंवा त्याच्या आसपासच्या अडथळ्याचा असतो. सोडताना येणारी शीळ खालच्या बारीक श्वासनलिकांची असते. स्ट्रायडर असलेले मूल तापाने फणफणले आहे, लाळ गिळू शकत नाही आणि पुढे झुकून हनुवटी वर करून बसले आहे, असे दिसले तर घसा पाहण्यासाठी तोंडात चमचा किंवा काडी घालू नये आणि मुलाला आडवेही करू नये. स्वरयंत्रावरील झडपेला सूज आली असेल तर तेवढ्याने श्वासमार्ग पूर्ण बंद होऊ शकतो.

दम्याच्या मुलात शीळ ऐकू येईनाशी झाली म्हणजे सुधारणा झाली असे समजू नये. हवा आत-बाहेर होतच नसेल तर आवाज तरी कुठून येणार? तसेच मिनिटाला ७० असलेला श्वास अचानक ३० वर आला आणि मूल मलूल दिसू लागले, तर तो थकवा आहे, आराम नव्हे. उलट श्वास खोल आणि वेगवान, पण छाती दोन्ही बाजूंनी साफ असेल तर रक्तातील आम्ल वाढल्याची शंका घेऊन साखर आधी तपासावी. मधुमेहाचे निदान न झालेली मुले अनेकदा याच अवस्थेत येतात आणि न्यूमोनिया समजून त्यांच्यावर उपचार सुरू होतात.

रक्ताभिसरण आणि शरीरातले पाणी

मुलांचा रक्तदाब फार उशिरा उतरतो. रक्ताभिसरण ढासळू लागले तरी शरीर हृदयाचे ठोके वाढवून आणि त्वचेकडचे रक्त आतल्या अवयवांकडे वळवून दाब टिकवून धरते. त्यामुळे रक्तदाब ठीक असल्याचे पाहून समाधान मानू नये. तळहात-तळपाय गार आहेत का, हे आपल्या हाताच्या पाठीने पाहावे. छातीच्या मधल्या हाडावर अंगठा ५ सेकंद दाबून सोडला असता फिका पडलेला भाग २ सेकंदांत पूर्ववत व्हायला हवा. त्याला ३ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, हातपाय गार असतील आणि नाडी बारीक व वेगवान असेल, तर रक्तदाबाचा आकडा काहीही असो, हा शॉक आहे.

जुलाबाच्या मुलात पोटाची त्वचा नाभी आणि कुशी यांच्या मध्यावर उभ्या चिमटीत धरून सोडावी. ती परत जायला २ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल आणि जोडीला मूल निपचित असेल, डोळे खोल गेलेले असतील किंवा त्याला पिता येत नसेल, तर पाण्याची कमतरता तीव्र आहे. डोळे नेहमीपेक्षा खोल गेले आहेत का, हे आईलाच विचारावे, कारण मुलाचा रोजचा चेहरा तिला माहीत असतो. अतिशय कुपोषित मुलाची त्वचा पाणी पुरेसे असतानाही सैल असते, आणि लठ्ठ मुलात पाणी कमी असूनही ती घट्ट लागते. अशा वेळी तहान, मुलाची जागरूकता आणि लघवी शेवटची कधी झाली, यांवर अधिक भर द्यावा.

वजन, उंची, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर

एका दिवसाच्या वजनावरून फारसे कळत नाही. वाढीच्या तक्त्यावरची रेषा बोलते. पूर्ण दिवसांचे बाळ पहिल्या काही दिवसांत वजन थोडे गमावते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून काढते. पुढे जन्मवजन सुमारे पाच महिन्यांत दुप्पट, वर्षाअखेर तिप्पट होते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरावे, नाहीतर निरोगी बाळाला मागासलेले ठरवले जाते. डोक्याचा घेर जन्मतः साधारण ३५ सेंटिमीटर असतो; तो पहिले तीन महिने दरमहा सुमारे २, पुढचे तीन महिने सुमारे १ आणि नंतर वर्षापर्यंत सुमारे अर्धा सेंटिमीटर वाढतो. घेराची रेषा तक्त्यावर झपाट्याने वर चढत असेल, टाळू ताणलेली असेल आणि बुबुळे खाली झुकून वर पांढरा भाग दिसत असेल तर मेंदूत पाणी साठत आहे.

टाळू बाळाला बसते धरून आणि शांत असताना चाचपावी. पुढची टाळू साधारणपणे ९ ते १८ महिन्यांत भरते. ती उशिरापर्यंत मोठी राहिली, कपाळ पुढे आलेले दिसले, मनगटे रुंद लागली, बरगड्या आणि छातीचे मधले हाड यांना जोडणाऱ्या कूर्चेजवळ मण्यांसारख्या गोलसर गाठी हाताला लागल्या आणि चालू लागलेल्या मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकले असतील, तर तो मुडदूस आहे. 'क' जीवनसत्त्वाच्या अभावातही तिथे गाठी येतात, पण त्या टोकदार असतात, आणि मूल दुखऱ्या पायांना हात लावू देत नाही.

सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यास खळगा पडणारी सूज असणे, यांपैकी कोणतीही एक गोष्ट तीव्र कुपोषण ठरवायला पुरेशी आहे. सूज पाहताना दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबून ठेवावा. सुजेमुळे गुबगुबीत दिसणाऱ्या मुलाचे वजन फसवे असते. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि संध्याकाळपर्यंत ती कमी होणे, असे काही दिवस चालले असेल, तर ॲलर्जीची गोळी देण्यापूर्वी लघवीतील प्रथिने तपासावीत. नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिने गळण्याचा आजार, या साध्या चाचणीने सापडतो.

रंग

रंग नेहमी दिवसाच्या उजेडात पाहावा. सावळ्या त्वचेवर निळेपणा, पिवळेपणा आणि फिकेपणा सहज दिसत नाही, म्हणून जीभ, हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तळहात पाहावेत. नवजात बाळाचे हातपाय पहिले एक-दोन दिवस निळसर असू शकतात. जीभ निळी असेल तर मात्र रक्तात प्राणवायू कमी आहे. रक्त फार कमी असलेल्या बाळात निळेपणा उमटतच नाही, त्यामुळे पल्स ऑक्सिमीटर लावावा. जन्मानंतर २४ तासांनी उजवा हात आणि कोणताही एक पाय येथे मोजणी करावी: दोन्हीकडे ९५ टक्के किंवा अधिक आणि दोन्हींतला फरक ३ पर्यंत असेल तर ठीक, कुठेही ९० पेक्षा कमी असेल तर हृदयाची तपासणी लगेच व्हायला हवी.

पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळ कधीही स्वाभाविक धरू नये. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो आणि तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला असेल तर बिलिरुबिन, म्हणजे कावीळ करणारे रक्तातील पिवळे द्रव्य, धोक्याच्या पातळीवर असण्याची शक्यता असते. मात्र डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, मोजावेच. कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली तर आईला शीचा रंग विचारावा, आणि त्याहून चांगले म्हणजे मळलेले लंगोट आणायला सांगून स्वतः पाहावे. शी पांढुरकी, मातीच्या रंगाची असेल आणि लघवी कपड्यावर पिवळे डाग पाडत असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शंका घ्यावी. या आजारात बाळ सुरुवातीला खातेपिते आणि हसतेखेळते असते, म्हणून सगळेच निर्धास्त राहतात. पण शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो तो साधारण ६० दिवसांच्या आत. 'बघू, उतरेल' म्हणण्यात गेलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या यकृताला महागात पडतो. टिकून राहिलेल्या काविळीसोबत बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, कोरडी त्वचा, मोठी जीभ आणि बेंबीचा हर्निया असेल तर थायरॉइडची कमतरता तपासावी. ही चिन्हे दिसेपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे दिवस निघून गेलेले असतात, त्यामुळे जन्मानंतरची रक्तचाचणी टाळू नये.

डोळे आणि चेहरा

अंधाऱ्या खोलीत, सुमारे हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोपचा (डोळे तपासण्याच्या यंत्राचा) प्रकाश एकाच वेळी दोन्ही बाहुल्यांवर टाकला की दोन्हींत सारखीच लालसर चमक दिसायला हवी. सावळ्या मुलांत ती थोडी मंद, नारिंगी असते. एका बाहुलीत काळोख दिसणे, दोन्हींत फरक असणे किंवा पांढरी चमक येणे या तिन्ही गोष्टींसाठी नेत्रतज्ज्ञाकडे तातडीने पाठवावे, कारण तिथे मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, असू शकतो. 'फोटोत एक डोळा पांढरा येतो' असे आईवडील सांगतात तेव्हा तो कॅमेऱ्याचा दोष मानू नये. चार महिन्यांनंतर टिकलेला तिरळेपणा आपोआप जाईल असेही सांगू नये. बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला, पांढऱ्या भागावर फेसासारखा त्रिकोणी डाग दिसला तर तो बिटॉटचा डाग असून 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाचा आहे.

डाउन सिंड्रोममध्ये बाळ हाताला अतिशय सैल लागते. चेहरा सपाट, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर गेलेले, मानेमागची त्वचा ढिली, करंगळी आखूड व आत वळलेली आणि पायाचा अंगठा शेजारच्या बोटापासून लांब असतो. ही चिन्हे एकत्र आढळली तर गुणसूत्रांची तपासणी, आणि ती होईपर्यंत न थांबता हृदयाचा इको (ध्वनिलहरींनी केलेली तपासणी) व थायरॉइडची चाचणी करून घ्यावी. खात्री नसताना आईसमोर सहकाऱ्याशी कुजबुजू नये. शंका का वाटते हे आईवडील दोघांना एकत्र बसवून, बाळाला त्याच्या नावाने संबोधत, सरळ शब्दांत सांगावे. त्या दहा मिनिटांचा परिणाम त्या घरावर पुढे कित्येक वर्षे राहतो.

हृदय आणि पोट

तान्ह्या बाळाच्या हृदयाच्या दुर्बलतेत पायांवरची सूज शोधू नये. ती सहसा नसते. खरी माहिती पाजण्याच्या वेळेत असते. आईला विचारावे: "बाळ पिताना मध्येच दमून थांबते का? कपाळावर घाम येतो का? एका वेळच्या पाजण्याला किती वेळ लागतो?" दोन-तीन मिनिटे ओढून बाळ सोडून देते, धापा टाकते, कपाळ ओले होते, थोड्या वेळाने भुकेने पुन्हा रडते आणि वजन मात्र वाढत नाही, असे वर्णन मिळाले की यकृत चाचपावे. ते वाढलेले असेल आणि ठोके व श्वास दोन्ही वेगवान असतील तर हृदयात जादा आवाज (मर्मर) ऐकू आला नाही तरी बाळाला हृदयतज्ज्ञाकडे पाठवावे. प्रत्येक नवजात बाळाच्या दोन्ही जांघांतील नाडी दंडाच्या नाडीशी ताडून पाहावी. जांघेतली नाडी लागत नसेल किंवा क्षीण असेल तर महाधमनी अरुंद असण्याची शक्यता आहे, आणि हे चिन्ह केवळ बोटे न ठेवल्यामुळे निसटते.

पोट चाचपताना हात गरम करून घ्यावेत आणि नजर पोटावर न ठेवता मुलाच्या चेहऱ्यावर ठेवावी. दुखरी जागा शेवटी तपासावी. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडला आहे असे धरूनच शल्यविशारदाला बोलवावे; पोट मऊ आहे, फुगलेले नाही, यावर थांबू नये. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला प्रत्येक पाजण्यानंतर जोरात, लांब उडणारी, पित्तविरहित उलटी होत असेल आणि उलटीनंतर ते लगेच भुकेले होत असेल, तर जठराच्या तोंडाशी अडथळा आहे. काही महिन्यांचे निरोगी बाळ ठरावीक वेळाने पाय पोटाशी घेऊन किंचाळते, पांढरे पडते, आणि मधल्या वेळेत गळून पडून राहते, तेव्हा आतडे आतड्यात शिरल्याची शंका घ्यावी. रक्त-आव मिसळलेली लालसर शी हे त्याचे उशिराचे चिन्ह आहे; तिची वाट पाहू नये. पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलग्याचे वृषण तपासावेत, कारण पीळ पडलेले वृषण वाचवण्यासाठी हाती सहा तासांच्या आसपासचाच अवधी असतो आणि संकोचामुळे मुले पोटच दुखते असे सांगतात. कुशीत मोठी, घट्ट गाठ लागली तर ती पुन्हा पुन्हा दाबू नये. मूत्रपिंडाचा कर्करोग असेल तर तिचे आवरण फाटू शकते.

त्वचा

यासाठी मुलाचे सर्व कपडे टप्प्याटप्प्याने उतरवावे लागतात. तापातल्या मुलाच्या अंगावरचे लाल-जांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबून पाहावेत. दाबल्यावरही ते नाहीसे होत नसतील तर ते त्वचेखालचे रक्त आहे आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची शक्यता धरून तत्काळ उपचार सुरू करावे लागतात. नितंब आणि पायांवर हाताला उंचवटा लागणारे जांभळे डाग, सांधेदुखी आणि पोटदुखी एकत्र आली तर तो हेनॉख-शोनलाइन परपुरा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा दाह, असतो. त्यात पुढचे काही महिने लघवी तपासत राहावी. ठिपक्यांसोबत फिकेपणा, हाडांचे दुखणे, लंगडणे आणि वाढलेली प्लीहा असेल तर रक्ताच्या कर्करोगाचा विचार आधी करावा. वयात येण्यापूर्वीच्या मुलात ५ मिलिमीटरपेक्षा मोठे, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, किंवा झटके येणाऱ्या मुलाच्या अंगावर लांबट पानासारखे फिके डाग, हे चेतासंस्थेच्या आनुवंशिक आजारांकडे बोट दाखवतात.

जे बाळ अजून रांगत नाही, त्याच्या अंगावर मुका मार लागल्याचे व्रण सहज उमटत नाहीत. तसेच कान, मान, पोट आणि पाठीवरचे व्रण खेळताना पडल्याने क्वचितच येतात. सांगितलेली हकीगत आणि दिसणारी जखम यांचा मेळ बसत नसेल, तर आरोप न करता सविस्तर नोंद करावी, बाळाला दाखल करून घ्यावे आणि बालसंरक्षणाची ठरलेली कार्यपद्धती सुरू करावी.

स्नायू, चेता आणि विकास

नवजात बाळाच्या मांड्या वाकवून अलगद बाहेर फाकवताना सटकलेले खुब्याचे हाड 'खट्' असे जाणवून जागेवर बसते. ही ऑर्टोलानीची चाचणी पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरतीच भरवशाची आहे. त्यानंतर एक मांडी दुसरीइतकी फाकत नाही आणि गुडघे वाकवून शेजारी ठेवले तर एक गुडघा खाली दिसतो. मोरो क्रिया एकाच बाजूला होत असेल तर त्या हाताच्या चेतांना किंवा गळपट्टीच्या हाडाला इजा झालेली असते. एक वर्षाच्या आत मूल सतत एकाच हाताने वस्तू घेऊ लागले तर ते डावखुरे आहे की उजवे, असा विचार न करता दुसरा हात का वापरत नाही, हे शोधावे. तान्ह्या बाळात मान ताठ नाही म्हणून मेंदूज्वर नाही, असा निष्कर्ष काढू नये. त्या वयात फुगलेली टाळू, चिडचिड आणि दूध तोडणे हीच चिन्हे असतात.

तीन-चार वर्षांचा मुलगा उशिरा चालू लागला होता आणि आता वारंवार पडतो, अशी तक्रार असेल तर त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगावे आणि न बोलता पाहावे. तो आधी पालथा वळतो, चारही हातापायांवर येतो, नितंब वर करतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा वर सरकत उभा राहतो. विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये वर्णिलेले हे चिन्ह नितंब आणि मांड्यांच्या स्नायूंची दुर्बलता दाखवते. पोटऱ्या जाड आणि घट्ट लागत असतील तर ड्यूशेन या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराची शंका घेऊन रक्तातील सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारे विकर) तपासावे. अठरा महिन्यांपर्यंत चालू न लागलेल्या प्रत्येक मुलग्यात ही चाचणी करावी, असे माझे ठाम मत आहे.

चार ते आठ महिन्यांचे बाळ झोपेतून उठल्यावर एकापाठोपाठ एक असे दचकल्यासारखे वाकते, हात पुढे येतात, मान झुकते आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच, असे झटके पोटदुखी समजून औषधाच्या थेंबांवर महिनोन्महिने काढले जातात. १८४१ मध्ये विल्यम जेम्स वेस्ट या डॉक्टरांनी स्वतःच्या मुलात पाहिलेल्या या झटक्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आज हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तपासणीच्या वेळी झटका येईलच असे नाही. आईला मोबाइलवर चित्रण करून आणायला सांगावे आणि ईईजीसाठी, म्हणजे मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या आलेखासाठी, लगेच पाठवावे. दोन महिन्यांपर्यंत न हसणे, चार महिन्यांपर्यंत मान न धरणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे, अठरा महिन्यांपर्यंत बोटाने वस्तू न दाखवणे किंवा नावाला प्रतिसाद न देणे, या प्रत्येकात श्रवण आणि दृष्टी आधी तपासावी. आलेले शब्द किंवा कौशल्य गमावणे मात्र कोणत्याही वयात गंभीर आहे.

शेवटी घसा आणि कान

मुलाला आईच्या मांडीवर बसवून तिचा एक हात मुलाच्या कपाळावर आणि दुसरा त्याच्या दोन्ही हातांभोवती असावा. मूल रडायला तोंड उघडते त्या क्षणी गालांच्या आतली बाजू, जीभ आणि घसा एका दृष्टिक्षेपात पाहून घ्यावा. दाढांसमोर, लालसर गालावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे कॉपलिकचे ठिपके. ते गोवराचे पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधी दिसतात, म्हणजे मूल इतर मुलांपासून वेगळे ठेवता येते. पाच दिवसांहून अधिक ताप, फुटलेले लाल ओठ, दाणेदार लाल जीभ, चिकटपणा नसलेले लाल डोळे, पुरळ, सुजलेले हातपाय आणि मानेत एका बाजूला मोठी गाठ, यांतली बरीचशी एकत्र असतील तर कावासाकी या रक्तवाहिन्यांचा दाह करणाऱ्या आजाराचा विचार करावा. ही चिन्हे एकाच दिवशी हजर नसतात, त्यामुळे आधी येऊन गेलेल्या चिन्हांबद्दल विचारावे लागते. उपचार तापाच्या पहिल्या दहा दिवसांत झाले तर हृदयाच्या धमन्या बऱ्याच अंशी वाचतात.

कान पाहताना डोके आईच्या छातीशी घट्ट टेकलेले असावे आणि ऑटोस्कोप (कान पाहण्याचे यंत्र) धरलेल्या हाताची करंगळी मुलाच्या गालावर टेकवावी, म्हणजे मुलाने मान हलवली तरी यंत्र सोबत हलते आणि इजा होत नाही. तान्ह्या बाळात कानाची पाळी खाली आणि मागे, तर तीन वर्षांपुढील मुलात वर आणि मागे ओढावी. रडण्याने कानाचा पडदा लाल होतोच, त्यामुळे लाली पाहून प्रतिजैविक लिहू नये. पडदा बाहेर फुगलेला आणि अपारदर्शक असेल तरच मधल्या कानात पू झाला आहे असे ठरवावे.